तात्यांच्या टीव्हीतल्या दोन पट्ट्या

तिसऱ्या दिवशी संध्याकाळीसुद्धा टीव्ही सुरळीत चालू होता आणि मी त्याच्याकडे बघून वैतागलो होतो.

बिघडलेला सेट दुकानात येऊन बिघडलेलाच राहिला, तर आमचं काम सोपं असतं. उघडा, मीटर लावा, शोधा, बदला, बंद करा. हा मात्र सोमवारी आला तेव्हापासून शहाण्या मुलासारखा वागत होता. एकवीस इंची जुना सेट, मागे फुगीर पोट असलेला, पिक्चर ट्यूबवाला. पंचवटीतल्या माझ्या दुकानात असे सेट आता क्वचितच येतात. एरवी एलईडीचे पॅनल, मिक्सर आणि सेटटॉप बॉक्सचे अडॅप्टर यांच्यातच दिवस जातो. त्यामुळे त्याला टेबलावर ठेवताना मला खरं तर आनंदच झाला होता.

तक्रार एका ओळीची होती. 'पिक्चर मधूनच आकसतं.'

या 'मधूनच'ला आमच्या धंद्यात इंटरमिटंट म्हणतात. म्हणजे फॉल्ट आहे, पण तो त्याच्या मर्जीने येतो. बहुतेक वेळा कारण असतं ड्राय सोल्डर. आतल्या सर्किट बोर्डावर प्रत्येक पार्ट शिशाच्या थेंबाने डकवलेला असतो. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन त्या थेंबाला केसाएवढी चीर पडते. सेट तापला की चीर उघडते, निवला की मिटते. अशा वेळी आम्ही सेट चालू ठेवून बोर्डावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून बघतो. लोकांना वाटतं हा माणूस चिडून टीव्हीला मारतोय. मी ठोकलं. हेअर ड्रायरने तापवलं. थंड हवेचा स्प्रे मारला. भिंग लावून सात-आठ संशयित जागा पुन्हा सोल्डर केल्या. पिक्चर केसभरही हललं नाही.

दुकान टाकण्याआधी मी एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बरीच वर्षं नोकरी केली. तिथले मॅनेजर अशा सेटपाशी येऊन एकच प्रश्न विचारायचे.

"सोनवणे, तीन दिवस चालला ना?"

"चालला सर. पण कस्टमर म्हणतोय—"

"कस्टमर काहीही म्हणतो. चेक्ड ओके मारा आणि कम्प्लेंट क्लोज करा."

तेव्हा मी त्यांच्याशी भांडायचो. मागून शिव्याही घालायचो. आता मीच मालक, मीच मॅनेजर आणि मीच मेकॅनिक. त्या संध्याकाळी मी जॉब कार्डावर 'चेक्ड ओके' लिहिलं, खाली सही ठोकली आणि सेट रिक्षात घालून मखमलाबादला निघालो.

सेट निवृत्ती तात्यांचा. मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा आहे. गुलाब, शेवंती, थोडा निशिगंध. तात्यांनी ऐंशी ओलांडलेली. मळा आता मुलगा संतोष आणि सून वैशाली बघतात. पहाटे फुलांचा तोडा, मग फुलबाजार, परत आले की निंदणी, औषध, पाणी. तात्या दिवसभर घरात एकटे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं जग म्हणजे खिडकीजवळची खाट आणि समोर हा टीव्ही. संतोषच्या खोलीत भिंतीवर मोठा नवा टीव्ही आहे. तात्या तो बघत नाहीत. त्यावर सगळी माणसं आडवी ताणल्यासारखी दिसतात, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य आहे. सेटिंग कोणी केलेलं नसतं.

सेट जागेवर ठेवला, वायर जोडल्या, चालू केला. पिक्चर झकास. कुठल्यातरी चॅनलवर कीर्तन चाललं होतं. बुवांचा फेटा गोल होता आणि गोलच राहिला. सवयीने मी प्लगमध्ये मीटर लावला, व्होल्टेज दोनशे अठ्ठावीस. उत्तम.

"काका, म्हणजे टीव्हीत कायच नाय?" संतोषने विचारलं.

"काही नाही."

"पक्कं?"

"तीन दिवस सलग चालवलाय. तुझ्या-माझ्यापेक्षा धट्टाकट्टा आहे."

माझ्या या वाक्यावर कस्टमर एरवी खूश होतो. इथे कोणी हसलं नाही. संतोषने वैशालीकडे पाहिलं. वैशालीने पदराला हात पुसले आणि आत गेली. तात्यांनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, घडी घालून उशीखाली ठेवलं आणि तोंड खिडकीकडे केलं. मला निरोपसुद्धा दिला नाही.

फाटकापाशी संतोष म्हणाला, "काका, एक प्रकारे बरंच झालं तुम्ही सांगितलं ते. डाउट होता, तो गेला."

"कसला डाउट?"

"तात्यांना भास होतात. दोन महिने झाले. टीव्ही आकसला म्हणून फोन करतात. मी काम टाकून पळत येतो तर टीव्ही चांगला. पाच-सहा वेळा झालं आसं. वैशाली आली तरी तेच. मला वाटलं बघू एकदा मेकॅनिकला दाखवून. खरंच बिघडलेला निघाला तर तात्या बरोबर. नाय तर..." तो थांबला. "पुढच्या सोमवारी माझ्या बहिणीकडं, सुनंदाताईकडं पुण्याला नेतोय. तिथं डॉक्टरला दाखवू आन् तिथंच ठेवू. आम्ही दिवसभर रानात. यांना आसं एकटं सोडायचं म्हणजे लय रिस्क हाय."

"तात्या तयार आहेत?"

"नाय. म्हणतात, पुण्याला फ्लॅटमध्ये मरायला पाठवतो का. कालपासून जेवले नायत."

संतोष वाईट मुलगा नव्हता. हे सांगताना त्याचा आवाज चिरकत होता. दिवसभर कामात असताना घरी म्हातारा बाप गॅस चालू ठेवून बसला असेल का, या भीतीने तो पोखरला होता. मी 'बरं' म्हटलं आणि निघालो. वाटेत मात्र डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. मी टीव्ही पोचवायला गेलो होतो आणि एका माणसाच्या डोक्याचं सर्टिफिकेट देऊन आलो होतो.

शुक्रवारी दुपारी मी एका मिक्सरचे कार्बन बदलत होतो. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मिस्तरी का?"

"बोलतोय."

"मी निवृत्ती. मखमलाबादवाला. तुझ्या कार्डावर नंबर हाय."

"बोला तात्या."

"आकसलाय."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्या म्होरं. पोरगं म्हणतं भास होतो. तू बी लिहून दिलं ओके." आवाजात राग होता, पण तो जपून वापरल्यासारखा. "म्हणून त्याला फोन नाय केला. तुला केला."

मी मिक्सर बाजूला सारला. "तात्या, टीव्ही बंद करू नका. उठूही नका. नुसतं बघा आणि मला सांगा. काय दिसतंय?"

"दोन्ही बाजूनं काळं आलंय. चार-चार बोटं."

"आणखी?"

"माणसं पाण्यात पाहिल्यासारखी डुलतात. कडा सरळ नाय राहत."

"आणखी?"

"काळ्या पट्ट्या हायेत आडव्या. लय काळ्या नाय, सावलीवाणी. खालून वर चढतात. सावकाश. वर गेल्या की खालून परत येतात."

मी खुर्चीत ताठ झालो. "पट्ट्या किती?"

"दोन."

"नीट बघा तात्या. एक असेल."

"दोन म्हणलं ना! मोजता येतं मला."

या 'दोन'ने माझ्या अंगावर काटा आला. का, ते सांगतो.

आपल्या घरात येणारी वीज एकाच दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होते. टीव्हीला असली वीज चालत नाही, त्याला एकाच दिशेची लागते. म्हणून सेटच्या आत रेक्टिफायर असतो. तो मागे जाणारीलाही पुढे वळवतो. पण त्यामुळे वीज धक्क्याधक्क्याने येते, सेकंदाला शंभर धक्के. ते धक्के सपाट करायला एक मोठा कंडेन्सर असतो, औषधाच्या छोट्या डबीएवढा. त्याचं काम घरावरच्या टाकीसारखं. नळ कसाही धडधडत येवो, टाकीतून धार एकसारखी मिळते. हा कंडेन्सर म्हातारा झाला की आतून सुकतो. टाकी उथळ होते. मग धक्के थेट पडद्यावर दिसायला लागतात. टीव्हीचं चित्र सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली रंगवलं जातं आणि धक्के शंभर. म्हणजे एका चित्रात दोन धक्के. दोन धक्के म्हणजे दोन पट्ट्या. आणि विजेचे पन्नास व चित्राचे पन्नास तंतोतंत जुळत नसल्यामुळे त्या पट्ट्या जागेवर न थांबता हळूहळू सरकतात.

फुलं लावण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. भास होणारा माणूस पडद्यावर साप सांगेल, गेलेली बायको सांगेल. रेक्टिफायरचा हिशोब चुकू न देता दोन पट्ट्या सांगणार नाही. तात्या जे बघत होते ते खरंच पडद्यावर होतं.

"तात्या, मी येतोय. तसाच चालू ठेवा."

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी स्कूटर काढली. पेठ नाक्यावरचा सिग्नल मी कसा पार केला ते इथे लिहीत नाही. मळ्याच्या वाटेला लागलो तेव्हा दूर गुलाबाच्या प्लॉटमध्ये संतोष दिसला. त्याने मला पाहून हात वर केला. मी थांबलो नाही. स्कूटर अंगणात लावली, चपला काढल्या आणि आत गेलो.

पिक्चर एकदम सरळ होतं.

तात्या खाटेवर बसले होते. त्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "होतं," ते म्हणाले. "आत्ता होतं. तू दारात यायच्या जरा आधी गेलं." आणि मग, पहिल्यांदाच, त्यांचा आवाज हलला. "मिस्तरी, खरं सांग. माझं डोकं गेलंय का?"

मला भयंकर वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मला सेटविषयी हजार प्रश्न विचारले गेले, हा कोणी विचारला नव्हता.

"तुमचं डोकं जागेवर आहे," मी म्हणालो. "माझंच जरा शोधावं लागेल."

तेवढ्यात संतोष धापा टाकत आला. माझी स्कूटर पाहून त्याला वाटलं होतं तात्यांचं काही बरंवाईट झालं. सगळं ठीक बघून त्याला आधी हायसं वाटलं आणि मग तो चिडला.

"तुम्ही मेकॅनिकला बी फोन केला का तात्या? काका, सॉरी हां. तुमची फुकट चक्कर झाली."

"फुकट नाही. बस. मला सांग, तात्यांना आणखी काय काय भास होतात?"

तो कचरला. तात्यांसमोर बोलायला त्याला जड जात होतं. तात्याच म्हणाले, "सांग की. लाजतो कशाला. सगळ्या गावाला सांगितलं."

"म्हणतात पंखा आपोआप मंद होतो," संतोष म्हणाला. "म्हणतात फ्रिज कण्हतो. एकदा म्हणले, वीज घरातून निघून जाती आन् परत येती. आता वीज गेली आसती तर बल्ब गेला आसता ना काका? बल्ब तर चालूच."

मी पंख्याकडे पाहिलं, बल्बकडे पाहिलं. बल्ब एलईडीचा. व्होल्टेज अर्धं झालं तरी हे बल्ब मंद होत नाहीत. मोबाइलचा चार्जर कुरकुरत नाही. संतोषच्या खोलीतला नवा टीव्हीही निम्म्या व्होल्टेजवर आरामात चालतो. घरात व्होल्टेज पडल्याची खूण सांगणाऱ्या जुन्या वस्तू तीनच होत्या. पंखा, फ्रिज आणि हा टीव्ही. तात्यांनी तिन्हींची तक्रार केली होती. घरच्यांनी तिन्ही तक्रारी आजाराच्या यादीत लिहिल्या होत्या.

आणि माझी चूक तिथेच मला दिसली. माझ्या दुकानातल्या टेबलाला स्टॅबिलायझर आहे. बाहेर काहीही होवो, टेबलावर दोनशे तीस. तिथे हा उथळ टाकीचा सेट तीन दिवस काय, तीन महिने चालला असता. टेबलाखाली डिमरस्टॅट पडलेला आहे. मोठी मूठ फिरवून व्होल्टेज हवं तेवढं खाली आणता येतं. पूर्वी प्रत्येक सेट मी त्यावर दोनशे, एकशे ऐंशी, दीडशे असा उतरवून बघायचो. आता त्याच्यावर जुनी वर्तमानपत्रं ठेवतो.

पण व्होल्टेज पडत होतं, तर कोणी आलं की ते लगेच सुधारत कसं होतं? मी आलो, सुधारलं. संतोष आला, सुधारलं. वैशाली आली, सुधारलं.

"संतोष, तात्यांचा फोन आला की तू काय करतोस?"

"पळत येतो."

"तसं नको. एकेक पायरी सांग. फोन वाजला. मग?"

"उचलतो. तात्या म्हणतात आकसलाय. म्हणतो आलोच. फोन खिशात टाकतो. मोटार बंद करतो. बांधाबांधाने—"

"थांब. मोटार का बंद करतोस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, घरात येताना चपला का काढतोस. "काका, ठिबकमधून खत सोडलेलं आसतं. मोटार चालू ठेवून बांध सोडायचा नाय. कधीच नाय. तात्यांचा नियम हाय तो. मी दहावीत होतो, पाणी चालू ठेवून क्रिकेट बघायला घरी आलो. पाइप निसटला आन् अर्धा प्लॉट वाहून गेला. तेव्हा तात्यांनी जो धरला मला..."

"आणि वैशाली?"

"ती येती तेव्हा पाण्यावर तीच आसती. मी शेडकडं गेलेलो आसलो तर ती बंद करून येती. नियम म्हणजे नियम."

"आणि आत्ता मला पाहून?"

"बंद केली आन् पळालो."

"ही मोटार कधी बसवली?"

"नवीन प्लॉटला. घरामागच्या बोअरवर. दोन—" तो थांबला. "दोन महिने झाले."

 टीव्हीवर एक बाई कुठल्याशा तेलाची जाहिरात करत होती. तात्यांनी मान हळूच माझ्याकडे वळवली. त्यांना माझ्या आधी कळलं असावं.

"मोटार चालू करा," मी म्हणालो.

"पाण्यावर कोणी नाय काका."

"तू इथेच थांब, टीव्हीसमोर. वैशालीला फोन कर. ती चालू करेल आणि तिथेच उभी राहील. म्हणजे तात्यांचा नियमही राहिला."

संतोषने तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "कर."

त्याने फोन लावला. स्टार्टरची पेटी प्लॉटच्या टोकाला. वैशाली तिथे जाईपर्यंत मी मीटरच्या पिना प्लगात खुपसून बसलो. दोनशे तीस. दोनशे एकोणतीस. फोनमधून तिचा आवाज आला, "चालू करू का?" आणि पाठोपाठ लांबून मोटारीची घरघर.

मीटर धाडकन खाली आला. एकशे पंचेचाळीस.

पंखा गिरकी घेताघेता सुस्तावला. स्वयंपाकघरातून फ्रिजने दीर्घ हुंकार दिला. आणि तेलाची जाहिरात करणारी बाई दोन्ही बाजूंनी आवळली गेली, कमरेत डुलायला लागली. पडद्याच्या खालच्या कडेवरून एक करडी सावली वर निघाली. तिच्या मागोमाग दुसरी.

संतोष पडद्याच्या अगदी जवळ गेला. बोट पुढे करून, पडद्याला न लावता, त्याने मोजलं.

"दोन हायेत," तो म्हणाला.

मग तो खाली बसला, खाटेच्या पायाशी, फरशीवर. डोक्याला हात लावला. "तात्या, मी सगळ्यांना सांगत फिरलो. ताईला सांगितलं. मामांना सांगितलं."  तात्यांचा हात उशीकडे गेला होता, तो तिथेच राहिला. ते पट्ट्यांकडे बघत होते. मला वाटलं आता ते काहीतरी बोलणार, मुलाला पोटाशी धरणार किंवा लाखोली वाहणार.

"मोटार बंद करायला सांग," तात्या म्हणाले. "आज खताचा दिवस हाय. नुसतं पाणी कशाला सोडता?"

पुढचं काम तासाभराचं होतं. दोनशे अठ्ठावीसवरून एकशे पंचेचाळीस हे एका साध्या मोटारीने होत नाही, म्हणून मी मीटरच्या पेटीपाशी गेलो. घरात जाणारी वायर तिथे तोडून तिची दोन्ही टोकं आणि मोटारीची वायर एकत्र पिळली होती आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी वितळून कडक झाली होती. आत तांबं हिरवं-काळं. मोटार चालू असताना सगळी वीज त्या कुजक्या पिळातून जात होती आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तिथेच जळत होती. मी हात जवळ नेला तर चटका बसेल इतकी धग.

"हा जॉइंट कोणी मारला?"

"मीच," संतोष म्हणाला. "घाई होती."

"आणखी महिनाभर राहिला असता तर आग लागली असती. घरात दिवसा कोण असतं?"

त्याने घराकडे पाहिलं. उत्तर आत खाटेवर बसलेलं होतं.

जॉइंटला मी हात लावला नाही. ते लायसन्सवाल्या वायरमनचं काम. त्याने दुसऱ्या दिवशी मोटारीला स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र स्विच करून दिला. तोवर मोटार बंद. सेट मी पुन्हा दुकानात आणला. कंडेन्सर काढून मोजला, त्याची ताकद निम्मीही उरली नव्हती. नवा टाकला. मग वर्तमानपत्रं झटकून डिमरस्टॅट वर घेतला, सेट त्यावर लावला आणि मूठ फिरवत गेलो. दोनशे. एकशे ऐंशी. एकशे पंचेचाळीसला डोळे ताणले. पिक्चर हललं नाही. चेहरे गोल, कडा सरळ, पट्ट्या शून्य. मी उगाचच पंधरा मिनिटं तिथे बघत बसलो.

रविवारी सेट घेऊन गेलो तेव्हा घरात सुनंदाताई होती. तात्या पुण्याला जायचे ते राहिले आणि तीच इकडे आली होती. डॉक्टरला दाखवायचं तिने सोडलं नव्हतं, नाशिकलाच दाखवलं. डॉक्टर म्हणाले, या वयात माणूस जेवढं विसरतो तेवढंच विसरतात. तात्यांनी मात्र डॉक्टरांना मोटारीपासून कंडेन्सरपर्यंत सगळी हकिगत ऐकवली होती. ऐकून डॉक्टर म्हणाले म्हणे, माझ्याही घरचा पंखा मंद होतो.

टीव्ही लावला. कीर्तनाचं चॅनल. मी तात्यांना म्हटलं, "आता मोटार चालू करून बघा. काही होणार नाही." संतोष स्वतः प्लॉटवर गेला, मोटार चालू करून तिथेच उभा राहिला आणि तिथून फोनवर विचारत राहिला, "काय दिसतंय? नीट हाय का? तात्या, तुम्ही सांगा." सुनंदाताई टीव्हीसमोरच बसली होती, वैशालीही होती. पण त्याला तात्यांकडूनच ऐकायचं होतं.

"नीट हाय," तात्या म्हणाले.

मी निघायला उठलो तर त्यांनी हात धरला. उशीखालून घडी घातलेलं जॉब कार्ड काढलं आणि माझ्या खिशातल्या पेनकडे बोट केलं.

"हे खोड."

मी 'चेक्ड ओके'वर काट मारली.

"आता खरं लिही."

काय लिहावं याचा मी जरा विचार केला. मग लिहिलं, 'तक्रार खरी. मेकॅनिकला पहिल्यांदा दिसली नाही.' खाली सही केली. तात्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचलं आणि वैशालीला दिलं. तिने ते फ्रिजच्या दारावर, सगळ्यांना दिसेल असं चिकटवलं. फ्रिज आता कण्हत नव्हता.

डिमरस्टॅट तेव्हापासून टेबलावर आहे, वर्तमानपत्रं खाली गेली. फॉल्ट सापडला नाही असे सेट अजूनही येतात आणि परत द्यावे लागतात. त्यांच्या कार्डावर मी 'ओके' लिहीत नाही. 'मला सापडला नाही' असं लिहितो. कस्टमर वाचून तोंड वाकडं करतात आणि दुसऱ्या मेकॅनिककडे जातात. जाऊ देत.